पहिल्या अक्षराची ओळख : घरी आणि शाळेत
(पालक मेळाव्यातील भाषण)



आज मी फार मोठा विषय घेऊन उभा राहिलेलो नाही. पहिलीच्या वर्गात भिंतीवर जो अक्षरतक्ता टांगलेला असतो, त्याविषयी चार शब्द सांगणार आहे. विषय लहान दिसतो खरा. पण आपल्या मुलाचे मन शाळेत रमणार की नाही, हे पुष्कळदा त्या तक्त्यासमोरच ठरते.

तक्त्यावर मांजराचे चित्र असते आणि शेजारी 'म'. गुरुजी विचारतात, "हे काय?" आपल्या घरचे मूल सांगते, "बिल्ली." "पहिले अक्षर कोणते?" मूल म्हणते, "ब." आता आपणच सांगा, मुलाचे काय चुकले? शब्दाच्या सुरुवातीचा आवाज त्याने अचूक ओळखला. सिरोंचाकडचे तेलुगू बोलणारे मूल त्याच चित्राला 'पिल्ली' म्हणेल आणि 'प' सांगेल. तेही बरोबरच. मांजर एक आणि अक्षरे तीन! सशाचे चित्र दाखवा, आपले मूल 'खरगोश' म्हणून 'ख' सांगेल. जे शिकवायचे होते ते मुलाला येते आहे, तरी पाटीवर फुली पडते. चार-सहा वेळा असे झाले की मूल गप्प बसायला शिकते, आणि मग आपणच त्याला मठ्ठ ठरवतो.

आपल्या भागात ही अडचण जरा जास्तच आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, पण बोलींची सरमिसळ दोन्हीकडे राहिली. झाडीबोली, गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी, बंगाली आणि आपल्या घरांतली उर्दू-हिंदी. गोंडी बोलणारे मूल पाण्याला 'येर' म्हणते. त्याला 'प पाण्याचा' कसा पटावा?

यावर उपाय अवघड नाही. मुलाने 'बिल्ली' म्हटले तर म्हणावे, "शाबास! बिल्लीचा ब. मराठीत हिला मांजर म्हणतात. मांजरमध्ये पहिला आवाज कोणता?" एका चित्रातून दोन अक्षरे पदरात पडतात. आणि सुरुवातीला घर, नाक, कान, बकरी असे दोन्हीकडे सारखेच असलेले शब्द घ्यावेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, आदिवासी मुलांसाठी हेच धोरण ठेवले. मुलाच्या अंगणातले खडे, पाने, बिया हेच त्यांचे साहित्य. अंगणवाडी हा शब्द त्यांच्याच कामातून रूढ झाला. आपल्याकडे मोह आहे, तेंदू आहे, बांबू आहे, साग आहे, धान आहे. 'ऐ ऐरणीचा' म्हणून जिने कधी ऐरण पाहिली नाही त्या मुलीला ती पाठ करायला लावण्यात काय हशील?

शब्द निवडताना एक पथ्य पाळावे. 'क' शिकवायचा तर कमळ, कप, करवत घ्यावे. केळे किंवा किडा नको. 'केळे' म्हटले की मुलाच्या कानाला 'के' ऐकू येतो. काना-मात्रा पुढे येणारच आहेत. 'च' आणि 'ज' यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत. चहातला च वेगळा, चाकातला वेगळा; जिभेतला ज वेगळा, जाळ्यातला वेगळा. आपल्या मुलांना 'ज़मीन', 'ज़ुबान' घरीच येते, त्यामुळे जाळ्यातला ज त्यांना लवकर साधतो. चाकाचा च मात्र सावकाश ऐकवावा लागतो. 'ण' आणि 'ळ' यांनी तर मराठीत शब्द सुरूच होत नाही. म्हणून तक्त्यावर बाण आणि बाळ असतात. तेथे पहिला नव्हे, शेवटचा आवाज विचारायचा. उर्दूत हे दोन्ही आवाज नाहीत. मूल 'कमल', 'पानी' म्हणाले तर हसू नये.

आता भगिनींसाठी. आपल्याला लिहिता-वाचता येत नाही म्हणून पुष्कळ माता मागे सरतात. पण हे काम कानाचे आहे, डोळ्यांचे नंतर. चुलीपाशी बसून विचारा, "कढईसारखा सुरू होणारा आणखी एक शब्द सांग." मूल 'कपडा' म्हणेल, 'कबूतर' म्हणेल. घरातल्या नावांवर खेळा. 'सलमा'चा पहिला आवाज आणखी कोणाच्या नावात आहे? दादी-नानीलाही या खेळात घ्या. हे आठ-पंधरा दिवस चालले की मगच अक्षर दाखवावे, आणि तेही मुलाच्या स्वतःच्या नावातले पहिले.

काही पालक विचारतात की मदरशातला कायदा, शाळेतली मराठी आणि वर इंग्रजी, मूल गोंधळणार नाही का? लिपी उजवीकडून की डावीकडून, हे मूल लवकर उमगते. आवाज ओळखण्याची सवय मात्र एकदाच लागते आणि सगळीकडे उपयोगी पडते. उर्दूत 'स'साठी से, सीन, स्वाद अशी तीन अक्षरे, मराठीत एकच. मराठीत 'क'चे नावही क आणि आवाजही क. इंग्रजीत 'एच' या नावात 'ह'चा आवाजच नाही, 'डब्ल्यू'मध्ये 'व'चा नाही. म्हणून नुसती ए-बी-सी-डी घोकणाऱ्या मुलाला वाचता येते असे समजू नये.

विद्यार्थी मित्रहो, सातवी-आठवीतल्या तुम्हाला एक काम सांगतो. एसटी स्टँडवर धाकट्या भावंडाला घेऊन उभे असाल तेव्हा गाड्यांच्या पाट्या पाहा. बल्लारपूर आणि ब्रह्मपुरी, चिमूर आणि चामोर्शी, वरोरा आणि वडसा. आधी नाव मोठ्याने म्हणा, पहिला आवाज विचारा, मग पाटीवर बोट दाखवा. अहेरी आणि आरमोरी या दोन गाड्या शेजारी लागल्या तर अ आणि आ यांतला फरक फळ्यापेक्षा तेथे चांगला कळतो. पाटी वाचायला सर्वांत सोपी गाडी 'मूल'ची, दोनच अक्षरे.