विज्ञान कठीण की भाषा कठीण?



गरीब वस्तीतील मूल विज्ञानात मागे पडले की ‘त्याची कुवतच तेवढी’ असा निवाडा सहज दिला जातो. हा निवाडा तपासून पाहण्याचे मोलाचे कार्य महाराष्ट्रात झाले असून त्याच्या प्रारंभाशी खानदेशचे नाव जोडलेले आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन केले. डॉ. वि. गो. कुलकर्णी या भौतिकशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली केंद्राने आरंभीच्या वर्षांतच जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसराच्या ग्रामीण शाळांत विज्ञान-अध्यापन सुधारण्याचा प्रकल्प राबविला. पुढे १९८० च्या दशकात केंद्र मुंबई महानगरपालिकेच्या शाळांकडे वळले. तेथील सामाजिकदृष्ट्या वंचित घरांतील विद्यार्थी निवडून त्यांना शाळेबाहेर नियमित मार्गदर्शन देण्यात आले. शालान्त परीक्षेत या मुलांनी लक्षणीय प्रगती दाखविली.

उणीव बुद्धीची नव्हती. घरात शिकणारी पहिलीच पिढी. पुस्तकातील संस्कृतप्रचुर वाक्य वाचता आले तरी अर्थ हाती लागत नसे, आणि प्रश्न विचारण्याची सवयही नव्हती. आशय कमी न करता केवळ धड्याची भाषा सोपी केली, तरी मुलांचे आकलन वाढते, असे केंद्राच्या प्रयोगांतून दिसून आले.

माठाचेच उदाहरण घ्यावे. ‘बाष्पीभवनासाठी आवश्यक उष्णता द्रवातून शोषली जाते’ हे वाक्य मूल पाठ करते आणि विसरते. तेच मूल खानदेशच्या वैशाखात रोज माठ भरते. माठ बाहेरून ओलसर का? पाझरलेले पाणी वाफ होऊन जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. मग श्रावणातल्या दमट हवेत तोच माठ पाणी तितके थंड का करीत नाही? हा प्रश्न ज्या दिवशी मूल स्वतः विचारते, त्या दिवशी त्याचे विज्ञान सुरू होते.

जळगाव आणि धुळे या दोन्ही नगरांत २००३ साली महानगरपालिका आल्या. नगराबरोबर वस्त्याही वाढतात. त्या वस्त्यांतील कित्येक घरांची बोली अहिराणी असते, पाठ्यपुस्तकाची भाषा मात्र प्रमाण मराठी. म्हणजे त्या मुलाला विज्ञानाआधी भाषेचा उंबरठा ओलांडावा लागतो.

वह्या, गणवेश, शिष्यवृत्ती यांचे दान थोरच. परंतु तेवढ्याने हा उंबरठा ओलांडला जात नाही. त्यासाठी मुलाजवळ बसून त्याच्या भाषेत बोलणारा, त्याच्या प्रश्नाची वाट पाहणारा जाणता माणूस लागतो. आठवड्यातील असे दोन तास देणे हेही विद्यादानच होय. मुलाच्या कुवतीचा निवाडा त्यानंतर करावा. बहुधा त्याची गरजच उरणार नाही.