प्रोस्टेटची गोळी आणि रात्रीचं उठणं

लघवीची धार बारीक झालीय, रात्री तीन-चारदा उठावं लागतं, अशी तक्रार घेऊन साठीपुढचे पुरुष येतात. तपासणीत प्रोस्टेट वाढलेलं आढळलं की बहुतेक वेळा टॅम्सुलोसिन सुरू होतं. सिलोडोसिन, अल्फुझोसिन, टेराझोसिन ही त्याच गटातली औषधं. या गटाला अल्फा-ब्लॉकर म्हणतात.

मूत्राशयाच्या तोंडाशी आणि प्रोस्टेटमध्ये आवळलेले स्नायू ही औषधं सैल करतात. ग्रंथी लहान होत नाही, पण वाट मोकळी होते आणि काही दिवसांतच आराम वाटू लागतो. औषध चांगलंच आहे. फक्त तसेच स्नायू रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही असतात. तेही थोडे सैलावतात, आणि झोपलेला माणूस झटकन उभा राहिला की रक्तदाब घसरून घेरी येते.

आता विचार करा, हा माणूस झटकन उभा कधी राहतो? रात्री, अर्धवट झोपेत, लघवीची घाई झाली असताना! अंधार असतो, बाथरूमची फरशी ओली असते. सत्तरीत खुब्याचं हाड मोडलं, तर काही जण पुन्हा पहिल्यासारखे चालत नाहीत. म्हणून पहिल्या काही दिवसांत, आणि डोस वाढवल्यावरही, उठताना आधी काठावर बसा, पाय हलवा, मिनिटभर थांबा, मग उभे राहा. दिवा लावा. घरच्यांनी उशाशी लघवीचं भांडं ठेवलं तर फारच बरं. त्यात लाज कसली?

ही गोळी लिहून देणाऱ्या माझ्या डॉक्टर मित्रांनाही एक आग्रहाची विनंती. रुग्णाचा रक्तदाब झोपवून मोजा, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर गोळी लिहिण्याआधी थांबा. बीपीच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत ते पाहा. पूर्वी कधी चक्कर येऊन पडलात का, हे विचारा. सिलोडोसिन द्यायचं तर मूत्रपिंडाचं काम कसं आहे तेही बघायला हवं.

लैंगिक ताकदीची गोळी, म्हणजे सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल, घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगाच. पुरुष हे लपवतात, आणि ती व प्रोस्टेटची गोळी यांच्या जोडीनं रक्तदाब फार उतरू शकतो. वीर्य बाहेर येणं कमी झालं किंवा थांबलं, तर घाबरू नका. सिलोडोसिननं असं बऱ्याच जणांना होतं. त्यातून इजा होत नाही, पण हे आधी सांगणं डॉक्टरांचं काम आहे.

टॅम्सुलोसिन रोज एकाच जेवणानंतर, अर्ध्या तासानं घ्यावं. उपाशीपोटी ते रक्तात जास्त उतरतं. कॅप्सूल फोडू नका, चावू नका. गावी लग्नाला गेलात, गोळ्या घरीच राहिल्या, आठवडा गेला, तर परतल्यावर आपल्या मनानं जुना डोस सुरू करू नका; डॉक्टरांना विचारा. काही औषधं अशा वेळी पुन्हा कमी डोसपासून चढवावी लागतात.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल, तर नेत्रतज्ज्ञांना या गोळीबद्दल सांगितलंच पाहिजे. तिच्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुलीभोवतीचा पडदा लुळा पडून फडफडतो, हे चँग आणि कॅम्पबेल या अमेरिकी डॉक्टरांनी २००५ मध्ये दाखवून दिलं. चार दिवस गोळी बंद ठेवल्यानं हा धोका टळत नाही. पूर्वी घेऊन सोडली असेल, तरी सांगा. सर्जनला आधी माहीत असलं की तो तयारीनं उभा राहतो. ऑपरेशन जवळच असेल आणि गोळी अजून सुरू केली नसेल, तर आधी डोळा उरकून घेता येईल का, हे दोन्ही डॉक्टरांना विचारा.

आणि मेडिकलमधून सर्दीची गोळी परस्पर आणू नका. तिच्यातली काही औषधं लघवीची वाट पुन्हा आवळतात किंवा मूत्राशय सुस्त करतात. लघवी पूर्ण अडली, ओटीपोट दुखून फुगलं, तर सकाळची वाट न बघता तेव्हाच रुग्णालय गाठा. तिथे नळी घालून मूत्राशय मोकळं करतात.