अंगठा देताना पावती मागा
(मोहाडी येथील बैठकीतील भाषण)



मोहाडी धानाचा मुलूख, आम्ही कोरडवाहू कापूस-ज्वारीवाले. पण सातबारा दोघांचाही सारखाच. सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा, ते आपल्या बापजाद्यांनी भोगलं. आता अंगठा मशीनवर. कागद दिसतच नाही!

२०२३च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला. केंद्रचालकाला अर्जामागे ४० रुपये. मग काय, दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर, सरकारी जमिनीवरसुद्धा विमे उतरले. २०२५ला एक रुपया गेला. कापसाला विमा रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत हप्ता आपल्या माथी आला. लबाडी कोणाची, भुर्दंड कोणाला?

म्हणून आम्ही आता आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर काम आणि तारीख लिहितो. पहिले आठ अंक झाकलेलं आधारही मिळतं, चालेल तिथे तेच देतो. अंगठ्याला आधारच्या ॲपवरून कुलूप लावता येतं. पोरांना सांगा, लावून देतील. रेशनच्या, पैसे काढायच्या वेळी तेवढं उघडायचं. ‘अंगठा लागला नाही, पुन्हा द्या’ म्हटलं, की आधीची पावती मागा. देत नसेल तर बँकेत जाऊन पासबुक भरून घ्या. पैसे गेलेच तर घटकाभरही न थांबता १९३०ला फोन करा, बँकेत लेखी तक्रार द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.