आतली यादी कुणाची?



वालचंद महाविद्यालय १९४७ पासून ज्या गावात अभियंते घडवतंय, त्या सांगलीत आपल्या संगणक-व्यावसायिकांच्या मेळाव्याचं अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. वर्षाचा आढावा सचिवांनी छापून दिलाय, तो सवडीने वाचा. क्लाउड आणि एआयवर बोलायला पुढचे वक्ते समर्थ आहेत. मला कित्येक वर्षं एकच गोष्ट बोलायची होती: आपल्याला कॉपी करता येत नाही.

हसताय! परीक्षेतली नव्हे, डेटाची.

सकाळच्या सत्रात दोन तट पडले. एक म्हणाला, बदलायचा नाही तो डेटा रीड-ओन्ली करा, विषय संपला. दुसरा म्हणाला, मेमरी स्वस्त आहे, दिसेल त्याची कॉपी काढा. दोघांनाही एक किस्सा सांगतो.

आपल्याच भागातला एक साखर कारखाना. हंगाम ऐन भरात. ऊसवाहतुकीचे दर जावातल्या एका मॅपमध्ये होते: गटाचं नाव, त्यासमोर अंतराच्या टप्प्यांप्रमाणे दरांची यादी. मूळ प्रोग्रॅमरने ती मॅप 'अनमॉडिफायेबलमॅप'मध्ये गुंडाळलेली. मग शेती विभागाने विचारलं, दर वाढवले तर बोजा किती? एक पोरगा मॅपमध्ये नवे दर टाकू लागला, तर एरर. त्याने तिच्यावरून नवी हॅशमॅप केली. एरर गेली, सगळे खूश. नव्या मॅपमधून गटाची यादी काढून त्याने तिच्यातला आकडा वाढवला. पण नवी झाली होती फक्त बाहेरची मॅप. आतल्या याद्या जुन्याच. त्यामुळे वाहतूकदारांची पंधरवड्याची बिलं त्या अंदाजी दराने निघाली. हा खर्च उसाच्या रास्त दरातून, म्हणजे एफआरपीतून, वजा होतो, म्हणजे फटका शेतकऱ्याला. मला बोलावलं तेव्हा लेखा विभाग वजनकाट्यावर संशय धरून बसलेला. काट्याच्या स्लिपा चोख होत्या. मी दोन्ही मॅपमधल्या एकाच गटाच्या याद्या 'इक्वल-इक्वल'ने ताडून पाहिल्या. ट्रू! दोन मॅप, यादी एकच.

तेव्हा पहिल्या तटाला माझं म्हणणं: 'अनमॉडिफायेबलमॅप'चं वेष्टण फक्त स्वतःमार्फत होणारे बदल अडवतं. मूळ मॅप ज्याच्या हाती आहे तो खुशाल बदल करतो, आणि आतल्या याद्या तर कुणीही. दुसऱ्या तटाला: कॉपी त्या पोरानेही काढलीच होती की! जावा १० ने २०१८ मध्ये 'मॅप.कॉपीऑफ' दिलं, तेही वरच्या थरापुरतंच. जावास्क्रिप्टचं 'ऑब्जेक्ट.फ्रीझ' त्याच माळेतलं. पायथनचं 'डीपकॉपी' खोल उतरतं, पण वाटेत उघडी फाइल किंवा लॉक लागलं की एरर देऊन थांबतं. क्लिपर ५ वर ज्यांनी पतसंस्थांच्या खतावण्या लिहिल्या, त्यांना हे पाठ होतं: 'एकॉपी'ने आतले ॲरे सामायिक राहतात, 'एक्लोन'ने तेही नवे होतात. ती पिढी आता निवृत्त होतेय.

आजच्या पोराला तोंडी परीक्षेत 'शॅलो आणि डीप कॉपीतला फरक सांगा' म्हटलं की तो दोन वाक्यं घडाघडा म्हणतो आणि गुण घेऊन जातो. फळ्यावर चौकोन आणि बाण काढून दाखव, असं कुणी म्हणत नाही. माझं भांडण या पद्धतीशी आहे.

खरं तर डेटा तळापर्यंत गोठलेला असेल तर कॉपीची गरजच उरत नाही. डी भाषेत 'इम्युटेबल' म्हटलं की तिथून जिथवर पोचता येतं तिथवर सगळं गोठतं. २००७ च्या क्लोजर भाषेत तर बदल म्हणजे सातबाऱ्यावरचा फेरफार: जुनी नोंद जागेवर, नवी तिच्या पुढे. तिथल्या व्हेक्टरच्या झाडाला प्रत्येक पातळीवर ३२ फांद्या, म्हणून दहा लाख नोंदींतली एक बदलली तरी मोजक्याच गाठी नव्याने कराव्या लागतात; बाकी सगळं दोन्ही आवृत्त्या निर्धास्त वाटून घेतात. हे शिकायला पुण्याला जायची गरज नाही.

या विषयावर मराठीत, चौकोन-बाणांच्या चित्रांसह, एक छोटी पुस्तिका निघावी. कारखान्यांच्या आणि बँकांच्या दर-मास्टरची तपासणीही व्हावी. कुणी, कधी, ते कार्यकारिणीने ठरवावं. मजकूर मी लिहीन, चित्रं काढणारं कुणी हवं. जेवणानंतर मी मागच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसतोय. ज्याला आपली मॅप खरंच रीड-ओन्ली आहे असं वाटतंय, त्याने कोड घेऊन यावं.