बंबावरची नोकरी



आम्ही पंडित नव्हे. सातवीनंतर आमची शाळा सुटली. पुढचे शिक्षण झाले ते गेटसभांत आणि रात्री चाळलेल्या कामगार कायद्यांच्या पुस्तकांत. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा करू नये. माणसाच्या जिवाची जोखीम आणि त्याचा पगार, हा हिशेब मांडण्यात आमचा जन्म गेला. त्यातलेच एक पान आज उघडणार आहोत.

गेल्या महिन्यात इथल्या लोखंडबाजारातील एका माथाडी कामगाराचा मुलगा आमच्याकडे आला. म्हणाला, "काका, मला अग्निशमन दलात जायचंय. आई नको म्हणते. तुम्ही तिला सांगा." आईचे म्हणणे असे की, बापाने जन्मभर खांद्यावर लोखंड वाहिले, आता पोराने आगीत कशाला शिरायचे? आम्ही विचारले, "तुला का जायचंय?" मुलगा खरे बोलला. "नोकरी पक्की असते, काका."

हे उत्तर ऐकून काही सज्जन नाक मुरडतील. सेवाभाव नाही, त्याग नाही, म्हणतील. आम्हांला ते उत्तर आवडले. 1969 साली माथाडी कायदा झाला, तो हमालाच्या कामाला पक्केपणा यावा म्हणूनच झाला. पोटाची चिंता मिटलेला माणूसच दुसऱ्याच्या जिवाकडे नीट पाहू शकतो.

ही नोकरी सहज मिळते असे मात्र कोणी समजू नये. मुंबई महापालिकेच्या भरतीत पुरुष उमेदवाराला 172 सेंटिमीटर उंचीची अट राहिली आहे. तीन मिनिटांत 800 मीटर धावणे, 19 फुटांवरून ताणून धरलेल्या चादरीत उडी टाकणे, 50 किलोचा पुतळा खांद्यावर घेऊन पळणे, दोर चढणे, अशा कसोट्या असतात. सांताक्रूझच्या राज्य अकादमीत अग्निशामकाचा अभ्यासक्रम सहा महिन्यांचा आहे. अधिकारी व्हावयाचे असल्यास नागपूरचे राष्ट्रीय महाविद्यालय आहे. 2002 साली तिथे हर्षिनी कान्हेकर दाखल झाल्या आणि ही वाट मुलींनाही मोकळी झाली.

पण अंगातले बळ ही पहिली पायरी. खरी विद्या पुढे आहे. तेलाच्या आगीवर नुसते पाणी मारले तर पेटते तेल उसळून पसरते. तिथे फेस लागतो. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड, तो जमिनीलगत साचून राहतो. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सतराशेपट फुगते आणि कोंडलेल्या खोलीत पाणी मारणाऱ्यालाच भाजते. आपल्या एका अंगाला तळोज्याचे रासायनिक कारखाने, दुसऱ्या अंगाला टँकरांनी भरलेले महामार्ग. इथल्या बंबवाल्याला हे सारे तोंडपाठ पाहिजे.

आता आमचीच एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गोदामाला आग लागली. आत रखवालदार अडकला आहे, असे कोणी ओरडले. बंब आला, पण प्रमुखाने आपली माणसे दारातच थोपविली. आम्ही पुढारी! गर्दीच्या पुढे होऊन गरजलो, "पगार कशाचा घेता?" त्याने मान वर करून छताकडे पाहिले, उत्तर दिले नाही. थोड्याच वेळात छत खाली आले. रखवालदार पलीकडच्या चहाच्या टपरीवर सुखरूप सापडला. आमच्या शब्दाला भुलून ते आत गेले असते, तर त्या बायकामुलांना आम्ही काय तोंड दाखविले असते? लोखंडाच्या बाजारात उभी हयात घालवून आम्हांला ठाऊक नव्हते की, लोखंड जळत नसले तरी साडेपाचशे अंशांच्या सुमारास त्याची निम्मी ताकद जाते. त्या माणसाला ते ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी केंद्रावर जाऊन आम्ही त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "साहेब, आत जायला सहा महिन्यांत शिकवतात. न जायला वीस वर्षं लागतात."

14 एप्रिल हा बाबासाहेबांच्या जयंतीचा दिवस. तोच अग्निशमन सेवेचा स्मृतिदिन. 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज पेटले. दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकाच कोठीत भरलेल्या. बंबवाले पाणी मारीत राहिले आणि चार वाजून गेल्यावर जहाज उडाले. दलाचे 66 जवान गेले. 9 मे 2015 रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवासात आग लागली. संजय राणे व महेंद्र देसाई तिथेच गेले. सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांनी त्याच महिन्यात रुग्णालयात प्राण सोडले. हार घालताना आपण एक गोष्ट विसरतो. कापूस दारूगोळ्याच्या कोठीत बंबवाल्याने भरला नव्हता. धाडस त्याचे, चूक दुसऱ्याची, आणि किंमत पुन्हा त्याचीच!

धूर तर आग विझल्यावरही अंगात राहतो. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाचे काम कर्करोगाला कारण होणारे ठरविले. म्हणून आमचे मागणे हारांचे नाही. बंबावर पुरी माणसे हवीत, प्रत्येकाला चालते श्वसनयंत्र हवे, धुतलेला दुसरा पोशाख हवा, पाळीनंतर विसावा हवा. आगीपुढे उभा राहणारा माणूस कंत्राटावर, वर्ष संपले की घरी, हे कोणत्याही शहराला शोभत नाही.

आणि श्रोतेहो, आपले काय? जिन्याखाली मीटरपेट्यांजवळ रद्दी आणि जुन्या गाद्या कोण रचतो? गच्चीच्या दाराला कुलूप कोण लावतो? बंब वळेल तिथे गाडी कोण उभी करतो? घरी गेल्यावर आपला जिना एकदा पाहून घ्या, इतकेच मागतो.

त्या माउलीकडे आम्ही गेलो होतो. "दादा, माझं पोर परत येईल ना?" तिने विचारले. खोटे बोलवेना. आम्ही म्हणालो, "ताई, हमी देता येत नाही. तो शिकेल, ते त्याच्या हाती. त्याला माणसं आणि साधनं पुरी मिळतील, हे पाहणं आमच्या हाती." ती बराच वेळ गप्प होती. मग उठून तिने मुलाच्या हाती अर्जाच्या फीचे पैसे ठेवले.

तो अर्ज आता एकट्या त्या मुलाचा राहिलेला नाही. आमच्या शब्दावर तो भरला गेला आहे. या सभेने त्या शब्दाला आपला हात लावावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.