उन्हाळ्यातलं पाणी आणि गळ



विरारची मासळी म्हटली की अर्नाळ्याचा किनारा आणि खारं पाणी आठवतं. पण आमच्या पट्ट्यात गोड्या पाण्यातल्या मासळीचीही मोठी वस्ती आहे. अर्नाळ्यापासून वसईपर्यंतच्या वाड्यांमधली बावखलं, म्हणजे पावसाचं पाणी साठवायला खणलेली तळी, गावोगावची तळी आणि पूर्वेकडे डोंगराच्या पायथ्याला अडवलेलं पाणी, हे सगळं तिचं घर. एप्रिल-मे महिन्यांत हे पाणी आटतं, मासे उरलेल्या खोलगट जागांत गोळा होतात आणि गळ टाकणाऱ्यांचे हात शिवशिवू लागतात. अशा वेळी गळ कसा टाकावा आणि कधी आवरावा, याविषयी आज बोलायचं आहे.

आधी पाणी समजून घेऊ. पाणी तापलं की हलकं होतं आणि वरच राहतं. खोल तलावात त्यामुळे उन्हाळ्यात दोन थर पडतात. वर ऊन, खाली गार. वारा वरचाच थर ढवळतो, खालच्या थरात नवी हवा पोचत नाही. तळाशी पालापाचोळा कुजत असतो आणि तो तिथला प्राणवायू संपवतो. म्हणजे तळ गार असला, तरी तिथे माशाला श्वास घेता येत नाही. वरच्या थरातही ओढ असतेच. वीस अंशाच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशाला तो साडेसातच्या आसपास येतो. म्हणून भर दुपारी रोहू, कटला ना उन्हात तापलेल्या काठाशी राहतात, ना तळाशी. ते मधल्या पाण्यात, कड्याच्या किंवा झाडाच्या सावलीला थांबतात.

गळाची सगळी मांडणी यावरून ठरते. कळकाची काठी, तंगूस, गळ, थोडं शिसं आणि तरंगा एवढं साहित्य पुरतं. नुसतं शिसं बांधून आधी पाण्याची खोली मोजावी आणि मग तरंगा सरकवत आमिष तळापासून वर घ्यावं. दुपारी खोलीकडे, मधल्या थरात गळ सोडावा. ऊन कलल्यावर मासे चरायला काठाकडे येतात, तेव्हा उथळ पाण्यात, गवताच्या कडेला सोडावा. रोहूला कणकेचा गोळा चालतो, तिलापियाला गांडूळ. मरळ मात्र शिकारी आहे. तिला हलतं आमिष लागतं, छोटा मासा किंवा बेडूक.

मरळीची गोष्टच वेगळी. तिला कल्ल्यांखेरीज हवेतूनही श्वास घेता येतो. नव्हे, घ्यावाच लागतो. शिंगटी आणि मांगूर यांनाही ही सोय आहे. म्हणून इतर मासे गुदमरतात त्या गढूळ, उथळ डबक्यातही मरळ तग धरते. थोड्या थोड्या वेळाने ती वर येऊन हवा घेते, पाण्यावर एक वलय उमटतं आणि सराईत गळकरी त्या वलयाच्या पुढे आमिष टाकतो.

पण पहाटे तलावभर मासे तोंड वर काढून दिसले, तर गळ गुंडाळून ठेवावा. रात्रभर शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू वापरतात, तो बनवत नाहीत. त्यामुळे पहाटे त्याचं प्रमाण सर्वांत कमी असतं. ते मासे भुकेने वर आलेले नसतात, जीव वाचवायला आलेले असतात. वळवाच्या सरीनंतर एखाद्या तळ्यात मासे मरून तरंगतात, त्यामागेही बहुतेकदा हेच असतं. वरचं पाणी एकदम गार होऊन खाली जातं आणि तळाचं निकस पाणी वर येतं.

आता कोणता मासा घरी न्यावा आणि कोणता सोडावा? पाण्यावर तांबूस पिलांचा घोळका दिसला, की त्याखाली मरळीचं जोडपं राखण करत असतं. पिलांजवळ काहीही आलं की ती धावून जातात, म्हणूनच तिथे ती सहज गळाला लागतात. असा मासा धरला की मागचा सगळा घोळका इतर माशांच्या तोंडी जातो. तिथे गळ टाकू नये, हे मी कळकळीने सांगतो.

तिलापियाची बाब वेगळी आहे. हा आफ्रिकेतला मासा १९५२ साली आपल्याकडे आणला गेला. नर तळाला वाटीसारखा खड्डा करतो, मादी अंडी तोंडात जपते, आणि बघता बघता तळं त्यांनीच भरतं. देशी माशांना चारा उरत नाही. तिलापिया लागला तर खुशाल घरी न्या. परत सोडू नका आणि दुसऱ्या तळ्यात तर मुळीच नेऊ नका.

जपानला हा धडा महागात पडला. उन्हाळ्यात खोल तलावावर बास आणि ब्लूगिल हे मासे धरणं हा अमेरिकेतला आवडता छंद. तिथले ब्लूगिल १९६० साली जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो यांनी शिकागोहून मायदेशी आणले. ते बिवा या विशाल सरोवरात पसरले आणि तिथल्या मूळच्या माशांवर संकट आलं. २००७ साली, सम्राट असताना, अकिहितो यांनी याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. त्याच बिवामध्ये २००९ साली दहा किलोंहून जड बास गळाला लागला आणि १९३२ सालच्या अमेरिकेतल्या जागतिक विक्रमाशी त्याची बरोबरी झाली. गळकऱ्यांना त्याचा आनंद झाला असेल, पण तेवढा मासा पोसायला सरोवराने काय गमावलं, तेही पाहायला हवं.

गळ टाकण्याआधी पाणी कोणाचं आहे ते विचारा. पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचे नियम आहेत. विरारच्या पापडखिंडीसारखं धरण शहराला पाणी पाजायला बांधलं गेलं, तिथे शौक बाजूला ठेवा. खासगी बावखलावर वाडीवाल्यांची परवानगी घ्या.

शेवटी बावखलांबद्दल. पूर्वजांनी ती खणली, त्यांत पावसाचं पाणी साठवलं आणि त्यावर केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या पिकवल्या. त्या पाण्याने विहिरी गोड राहिल्या आणि खारं पाणी लांब राहिलं. आज अनेक बावखलं भरणीखाली गेली आहेत. गाळ काढताना एक कोपरा खोल ठेवा, कारण उन्हाळ्यात उरलेले मासे तिथेच तगतात आणि पावसाळ्यातलं सगळं बियाणं त्यांच्याच पोटी असतं. पहिल्या पावसात तेच मासे अंडी घालायला ओढ्यातून शेतांकडे चढतात. वलगणीच्या त्या माशांना जाळी लावून वाट अडवू नका. महिनाभर हात आवरला, तर पुढच्या उन्हाळ्यात आपल्या मुलांनाही गळ टाकायला मासा असेल.