कपाटातला छोटा कॅमेरा

आज आम्ही बोलणार आहोत अशा एका वस्तूबद्दल, जी तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली पडून असेल. छोटा डिजिटल कॅमेरा. हातात फोन आला आणि त्याला कुणी विचारेनासं झालं. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेचे आकडेच बघा. 2010 साली 12 कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात गेले, आणि 2020 साली 90 लाखसुद्धा नाहीत.

आमच्या चिखलीच्या बचत गटाने कॅमेरा घेतला तो त्याच 2010 साली, वर्गणी काढून. पापड, चकली, मसाल्याचे फोटो दुकानदारांना दाखवायचे होते. तेव्हा आमच्यातल्या दोघींकडेच फोन होता, तोही बटणांचा. आज प्रत्येकीकडे फोन आहे, तरी हा कॅमेरा आम्ही टाकला नाही. कारण सांगतो. फोन ज्याचा त्याचा असतो. त्यात बँकेचा निरोप असतो, घरातली बोलणी असतात, तो दुसरीच्या हातात देताना जीव वर-खाली होतो. कॅमेरा मात्र या हातातून त्या हातात फिरतो. सासूबाईंनी काढावा, शाळकरी पोरीने काढावा. आमच्यातल्या कितीजणींनी आयुष्यातला पहिला फोटो त्यावरच काढला.

या 15 वर्षांत त्या कार्डांवर काय काय साठलं! हळदी-कुंकू, आकुर्डीला मुक्कामी आलेली तुकोबांची पालखी, चाकणच्या बाजारातल्या कांद्याच्या गोण्या, आज जिथे सोसायट्यांचे मनोरे आहेत तिथली ज्वारीची शेतं. आणि आमची माणसं. गटातल्या एक ताई दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांची लेक चाकणला कंपनीत जाते. ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, घरात आईचा फोटो आहे तो आधार कार्डावरचा. ती हसताना कशी दिसायची ते माझ्या मुलाला कसं दाखवू?"

आम्ही जुनं कार्ड काढून कॅमेऱ्यात घातलं, तर पडद्यावर अक्षरं आली, कार्ड एरर. मैत्रिणींनो, अशा वेळी काय करायचं ते नीट ऐका. कॅमेरा विचारतो, कार्ड फॉरमॅट करू का? हो म्हणायचं नाही. त्या कार्डावर नवा फोटोही काढायचा नाही. फोटो दिसेनासा झाला तरी पुष्कळदा तो कार्डावर असतो, फक्त त्याचा पत्ता हरवलेला असतो. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की मग तो खरोखर गेला. म्हणून कार्ड बाहेर काढायचं आणि संगणकाच्या जाणकार माणसाकडे द्यायचं. फोटोरेक नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे, त्याने असे फोटो शोधता येतात. आमच्या गटातल्या एकीच्या मुलाने गुरुवारच्या सुट्टीत बसून तेच केलं. सगळे नाही मिळाले. पण ताई चुलीपुढे बसून, हातात लाटणं घेऊन खळखळून हसताहेत, तो मिळाला.

तो फोटो 12 मेगापिक्सेलचा, म्हणजे साधारण 4000 ठिपके लांब आणि 3000 रुंद. छपाईला इंचाला 300 ठिपके धरले, तर 13 इंच बाय 10 इंचाचा फोटो स्वच्छ छापून येतो. पण तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की लहान होतो. छापायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पेन ड्राइव्हवर न्या. लेकीने तो मोठा करून भिंतीवर लावला आहे.

आता कॅमेरा सांभाळायचा कसा? पहिलं, बॅटरी. महिनोन्‌महिने वापरायचा नसेल तर ती बाहेर काढून, अर्धी भरलेली ठेवावी. फुगलेली दिसली तर पुन्हा चार्ज करायची नाही, आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची. दुसरं, धूळ. आपल्याकडे ट्रकची, बांधकामांची धूळ काय कमी आहे? आत-बाहेर होणाऱ्या लेन्सच्या फटीत कण गेला की ती अडकते. वाऱ्यात कॅमेरा उघडू नये, लेन्सवर तोंडाने फुंकर मारू नये, रबरी फुग्याने हवा मारावी. तिसरं, पावसाळा. दमट कपाटात काचेवर बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. चौथं, तारीख. बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली की आतलं घड्याळ मागे जातं. तुंबलेल्या गटाराचा फोटो तक्रारीला जोडायचा असेल, तर आधी तारीख बघून घ्या. आणि नवं कार्ड घेताना दुकानात कॅमेरा घेऊन जा. आमच्या कॅमेऱ्याला 32 जीबीपर्यंतचंच चालतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोटो एकाच जागी ठेवू नका. आम्ही आता एक प्रत संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर दुसरीच्या घरी ठेवतो. वर्षाला निवडक 20 फोटो छापून वहीत चिकटवतो आणि खाली नावं लिहितो. नावं नसली, तर पुढच्यांना ती नुसती अनोळखी माणसं वाटतील.

तेव्हा येत्या सुट्टीला कपाट आवरताना तो कॅमेरा बाहेर काढा. बॅटरी चार्ज करा, कार्ड उघडून बघा, फोटो उतरवून घ्या. आणि जी नेहमी फोटो काढते, म्हणून स्वतः कुठल्याच फोटोत नसते, तिचाही एक काढा.